पोटात गेल्यावर औषधाचे काय होते?

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ॲसिटॅनिलाइड बनवण्याचा प्रयोग अनेकांनी केलेला असतो. ॲनिलीन घ्यायचे, त्यात ॲसेटिक ॲनहायड्राइड घालायचे, थोडे तापवायचे आणि मिश्रण थंड पाण्यात ओतायचे. पांढरे, चकचकीत स्फटिक तळाशी बसतात. ते गाळायचे, गरम पाण्यातून पुन्हा स्फटिकरूपात मिळवायचे, वाळवायचे, द्रवणांक ११४ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की समाधान मानायचे. प्रयोगवहीत एवढेच लिहिलेले असते. हाच पदार्थ अर्धशतकाहून अधिक काळ ताप आणि डोकेदुखीवरचे औषध म्हणून विकला जात होता, तो घेणाऱ्यांपैकी काहींचे ओठ आणि नखे निळी पडत, आणि हे असे का होते याचा नीट उलगडा १९४८ सालापर्यंत झालेला नव्हता, ही हकिकत वहीबाहेर राहते. तो उलगडा ज्या रसायनतज्ज्ञाच्या हातून झाला त्याच्याजवळ त्या वेळी पीएच.डी. नव्हती, वैद्यकीय पदवी नव्हती आणि डोळाही एकच होता. त्याचे नाव ज्युलियस ॲक्सेलरॉड. त्याच्या कामाची ओळख करून घेण्याआधी आपल्याला थोडे मागे, एकोणिसाव्या शतकातल्या स्ट्रासबुर्ग शहरात जावे लागेल.

१८८६ साली तिथल्या रुग्णालयात कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर आतड्यांतील कृमींवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. नॅफ्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांमधला पदार्थ. एका रुग्णाचे कृमी काही गेले नाहीत, पण त्याचा ताप मात्र झपाट्याने उतरला. बाटलीतली पूड पाहिली तर तिला नॅफ्थलीनचा तो ओळखीचा उग्र वासच नव्हता. औषधाच्या दुकानातून चुकून दुसरेच काही आले होते. हेपचा एक नातलग रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्याने पूड तपासली. ते ॲसिटॅनिलाइड निघाले. कारखान्याने ते ‘ॲन्टिफेब्रिन’ या नावाने बाजारात आणले. रसायन जुनेच होते, ते कोणीही बनवू शकत होते, त्यामुळे कमाई नावातच होती. औषधाच्या धंद्यात ठेवणीतल्या नावाला जी किंमत आली, तिची एक सुरुवात या चुकीच्या बाटलीत आहे असे म्हणायला हरकत नाही.

रुग्णांची कातडी निळसर पडते हे कान आणि हेप यांच्याही लक्षात आले होते. म्हणून कारखान्यांतले रसायनतज्ज्ञ याच रेणूची कमी त्रासदायक भावंडे शोधू लागले. बायर कंपनीत पॅरा-नायट्रोफिनॉल हा रंगनिर्मितीतला टाकाऊ पदार्थ ढिगाने पडून होता. त्यापासून तिथल्या रसायनतज्ज्ञांनी फेनासेटिन बनवले आणि १८८८ च्या सुमारास ते बाजारात आले. ते बरेच लोकप्रिय झाले. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन यांच्या आद्याक्षरांवरून पडलेले ए.पी.सी. हे गोळीचे नाव जुन्या पिढीतल्या काही वाचकांना आठवत असेल.

त्याच काळात आणखी एक भावंड जन्मले होते, पण ते कोपऱ्यात राहिले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स याने १८७८ साली पॅरा-नायट्रोफिनॉलचे कथील आणि ॲसेटिक आम्ल यांच्या साहाय्याने क्षपण करून एन-ॲसिटिल-पॅरा-ॲमिनोफिनॉल तयार केले. हे लांबलचक नाव आपण पुढे बदलून घेऊ. १८९३ साली फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने ते रुग्णांना देऊन पाहिले. ताप उतरतो खरा, पण रक्त बिघडण्याचा दोष याच्यातही आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि पदार्थ बाजूला पडला. त्याच्या नमुन्यात पॅरा-ॲमिनोफिनॉल हा कच्चा माल उरलेला असावा आणि दोष त्या अशुद्धीचा असावा, असा आजचा तर्क आहे. तो बरोबर असेल तर अर्धवट शुद्ध केलेल्या एका नमुन्यामुळे एक चांगले औषध पन्नास वर्षांहून अधिक काळ जगापासून दूर राहिले. पुन्हा स्फटिकीकरण करण्याचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता ॲक्सेलरॉडकडे वळू. त्याचा जन्म १९१२ साली न्यूयॉर्कमधल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत झाला. वडील टोपल्या विणून दुकानदारांना विकत. फी न घेणाऱ्या सिटी कॉलेजमधून तो १९३३ साली पदवीधर झाला. डॉक्टर व्हायची त्याची इच्छा होती, परंतु एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने त्याला घेतले नाही. त्या काळी अमेरिकेत ज्यू विद्यार्थ्यांच्या जागांवर न बोलता मर्यादा घातलेली असे. मंदीचे दिवस होते. जी मिळाली ती नोकरी त्याने धरली आणि १९३५ पासून तो एका औद्योगिक आरोग्य प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांत घातलेली जीवनसत्त्वे मोजू लागला. तिथेच अमोनियाची बाटली फुटून त्याचा डावा डोळा गेला.

जीवनसत्त्वे मोजण्याचे हे काम ऐकायला रुक्ष वाटते. पण दुधात किंवा पिठात अगदी थोडा मिसळलेला एखादा पदार्थ इतर शेकडो पदार्थांच्या गर्दीतून वेगळा काढायचा आणि त्याचे प्रमाण ठरवायचे, यासाठी छापील पद्धत दर वेळी थोडी बदलावी लागते. अकरा वर्षे त्याने हेच केले. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन १९४१ साली एम.ए. झाला. यापलीकडे आपल्या आयुष्यात काही घडेल असे त्याला वाटत नव्हते. पुढे त्याला जे सुचले ते याच अकरा वर्षांमुळे सुचले, असे आमचे मत आहे. चरित्रकार ही वर्षे दोन ओळींत उरकतात ते आम्हाला पटत नाही.

१९४६ च्या सुरुवातीला त्याच्या प्रयोगशाळेकडे वेदनाशामक औषधे बनवणाऱ्या कंपन्यांच्या एका संस्थेने एक प्रश्न पाठवला. ॲस्पिरिन नसलेली वेदनाशामके नियमितपणे घेणाऱ्या काही लोकांच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन का वाढते? प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी ॲक्सेलरॉडला हे काम दिले आणि बर्नार्ड ब्रॉडी यांचा सल्ला घ्यायला सांगितले. ब्रॉडी गोल्डवॉटर रुग्णालयात होते. महायुद्धाच्या काळात हिवतापावरच्या मेपाक्रीन या औषधाची रक्तातली पातळी मोजून, त्यावरून मात्रा ठरवण्याच्या कामात त्यांनी नाव मिळवले होते. औषध किती दिले यापेक्षा रक्तात किती पोचले हे पाहावे, हा त्यांचा आग्रह. फेब्रुवारी महिन्यात दोघांची भेट झाली आणि काही तास बोलणे चालले.

मेथहिमोग्लोबिन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हिमोग्लोबिनमधले लोह नेहमी फेरस रूपात असते आणि त्याच रूपात ते प्राणवायू वाहून नेऊ शकते. काही रसायनांमुळे त्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ते फेरिक बनते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. रक्ताचा रंग तपकिरी होतो, ओठ निळसर दिसतात, दम लागतो. रंगाच्या कारखान्यांत ॲनिलीनशी संबंध येणाऱ्या कामगारांना हा विकार होतो, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक होते.

आता फळ्यावर ॲसिटॅनिलाइडचा रेणू काढा. बेंझिनचे षटकोनी वलय, त्याला जोडलेला नायट्रोजन आणि नायट्रोजनवर बसलेला ॲसिटिल गट. हा ॲसिटिल गट काढून टाकला तर काय उरते? ॲनिलीन! प्रयोगशाळेत आपण ॲनिलीनपासून ॲसिटॅनिलाइड बनवतो. मग शरीर याच्या उलट क्रिया करत असेल का? गोळी घेणाऱ्याच्या शरीरात ॲनिलीन तयार होत असेल का?

आज हा प्रश्न सहज सुचण्यासारखा वाटतो. परंतु त्या काळी औषधाकडे पाहण्याची रीत वेगळी होती. औषध दिले की रुग्णावर काय परिणाम होतो हे पाहत. शरीर औषधावर काय परिणाम करते, हा प्रश्न फार थोडे लोक विचारत. याला एक ठळक अपवाद होता. १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असे दिसले होते की प्रोन्टोसिल या लाल रंगाच्या जंतुनाशक औषधाचे शरीरात तुकडे होतात आणि खरे काम त्यातला सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडा करतो. औषध एक आणि काम करणारा पदार्थ दुसरा असू शकतो, हे त्यातून कळले होते. आता प्रश्न विषाचा होता.

तर्क सुचणे सोपे. रक्तात ॲनिलीन आहे हे दाखवायचे म्हणजे आधी ते मोजता यायला हवे आणि तेही अत्यंत अल्प प्रमाणात. येथे ॲक्सेलरॉडचा अकरा वर्षांचा सराव कामी आला. दोघांनी ॲनिलीन, ॲसिटॅनिलाइड आणि त्यांच्यापासून होणारे इतर पदार्थ रक्तात आणि लघवीत वेगवेगळे मोजण्याच्या पद्धती बसवल्या. स्वयंसेवकांना ॲसिटॅनिलाइड दिले. त्यांच्या रक्तात ॲनिलीन सापडले. शिवाय ॲनिलीनची पातळी जसजशी वाढे, तसतसे मेथहिमोग्लोबिनही वाढे. दोन्ही बरोबरीने चालत होते. पुढे असेही समजले की लोहाचे ऑक्सिडीकरण करण्याचे काम ॲनिलीनपासून शरीरातच बनणारे फेनिल हायड्रॉक्सिलामाइन करते. म्हणजे विषाचीही आणखी एक पायरी होती.

कंपन्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. इथे थांबले असते तरी चालले असते. पण हिशेब जुळत नव्हता. ॲनिलीन सापडले होते ते थोडेसेच. लघवीत मूळ ॲसिटॅनिलाइडही नाममात्र होते. मग दिलेल्या औषधाचा मोठा हिस्सा गेला कुठे? हिशेबनीस जसा न जुळलेल्या रकमेच्या मागे लागतो तसे ते या उरलेल्या भागाच्या मागे लागले. लघवीत ग्लुकुरॉनिक आम्ल आणि सल्फेट यांच्याशी जोडलेल्या रूपात एक पदार्थ भरपूर होता. तो सुटा करून पाहिला. ॲसिटॅनिलाइडच्या वलयावर, नायट्रोजनच्या अगदी समोरच्या म्हणजे पॅरा स्थानी, एक हायड्रॉक्सिल गट बसलेला. मोर्सने १८७८ साली बनवलेला आणि फॉन मेरिंगने बाजूला टाकलेला तोच पदार्थ!

आता कोडे उलगडले. ॲसिटॅनिलाइड शरीरात दोन वाटांनी जाते. मोठ्या वाटेने त्याचा हा हायड्रॉक्सिल गट असलेला पदार्थ बनतो, अरुंद वाटेने ॲनिलीन बनते. ओठ निळे पडतात ते अरुंद वाटेमुळे. मग ताप आणि वेदना कमी होतात त्या कशामुळे? मोठ्या वाटेवरच्या पदार्थाची शुद्ध पूड माणसांना देऊन पाहिली. वेदना शमवण्याची शक्ती ॲसिटॅनिलाइडइतकीच, आणि मेथहिमोग्लोबिन मात्र वाढत नाही. रुग्ण इतकी वर्षे ॲसिटॅनिलाइड गिळत होते, पण त्यांचे डोके थांबवत होता तो त्यांच्याच शरीराने बनवलेला दुसरा पदार्थ. मग तोच थेट का देऊ नये? ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांचे हे निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाले. १९४९ साली त्यांनी फेनासेटिनचाही माग काढला. त्याचाही बहुतांश भाग शरीरात याच पदार्थात रूपांतरित होतो असे दिसले. येल विद्यापीठात लेस्टर आणि ग्रीनबर्ग हेही स्वतंत्रपणे ॲसिटॅनिलाइडच्या बाबतीत याच निष्कर्षाला पोचले होते, हे सांगितले नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

त्या पदार्थाचे लांब नाव बदलून घेऊ असे आपण म्हटले होते. रासायनिक नावातलीच अक्षरे निवडून इंग्लंडमध्ये पॅरासिटामॉल आणि अमेरिकेत ॲसिटामिनोफेन अशी दोन नावे तयार झाली. म्हणजेच आपल्याकडच्या घराघरातले क्रोसिन किंवा कॅल्पॉल. अमेरिकेत १९५५ साली ते लहान मुलांसाठीच्या पातळ औषधाच्या रूपाने विक्रीस आले, इंग्लंडमध्ये १९५६ साली गोळ्यांच्या रूपाने. फेनासेटिनचे दिवस मात्र भरत आले होते. ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे निरीक्षण १९५३ साली स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झाले. इतर देशांतूनही तशी वृत्ते आली. तरी अमेरिकेत ते पूर्णपणे बंद व्हायला १९८३ साल उजाडले.

१९४९ साली ॲक्सेलरॉड ब्रॉडींबरोबर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेला. आता त्याला एक नवा प्रश्न पडला. रेणूवर हायड्रॉक्सिल गट बसवणारे किंवा त्यावरचे गट काढून टाकणारे हे शरीरातले कारागीर कोण? ॲम्फेटामाइन आणि एफेड्रिन या औषधांवर काम करताना १९५३ च्या सुमारास त्याला यकृताच्या पेशींमधल्या सूक्ष्म कणांत, म्हणजे मायक्रोसोममध्ये, अशी विकरे सापडली. त्यांना प्राणवायू लागतो आणि एक ठरावीक सहविकरही लागते. विशेष म्हणजे एकेका औषधासाठी वेगळे विकर नसून विकरांचा हा एकच गट कितीतरी अनोळखी रसायने हाताळतो. औषधांच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात यापेक्षा महत्त्वाचे शोध फार थोडे आहेत. परंतु श्रेय कोणाचे यावरून ब्रॉडींशी त्याचे बिनसले. १९५५ साली या विषयावरचा मोठा लेख छापला गेला तेव्हा पहिले नाव ब्रॉडींचे होते. पीएच.डी. असल्याशिवाय स्वतःचा विभाग मिळणार नाही, हे ॲक्सेलरॉडला कळून चुकले होते. त्याने त्याच वर्षी बेचाळिसाव्या वर्षी ती पदवी घेतली. पुढे मेंदू आणि चेतातंतूंकडे वळून, नॉरॲड्रेनॅलीन वापरून झाल्यावर चेतातंतू ते पुन्हा आत ओढून घेतात हे त्याने दाखवले आणि १९७० साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. नैराश्यावरच्या औषधांचा अभ्यास या शोधावर उभा आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आपण पुन्हा पॅरासिटामॉलकडे येऊ, कारण त्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

ब्रॉडींचे नाव प्रथम असलेल्या त्या १९५५ च्या लेखाच्या शीर्षकात ‘निर्विषीकरण’ या अर्थाचा शब्द होता. यकृतातली विकरे परक्या रसायनांचे विष काढून घेतात, असा त्यामागचा विचार. तेव्हा तसे समजणे साहजिक होते. १९६६ साली एडिंबरोहून एक लहानसे वृत्त छापून आले. पॅरासिटामॉलच्या पुष्कळ गोळ्या एकदम घेतलेल्या रुग्णांचे यकृत निकामी झाले होते. ज्या औषधाची ख्यातीच निरुपद्रवी म्हणून, त्याने असे का करावे?

उत्तर पुन्हा राष्ट्रीय आरोग्य संस्थेतूनच आले. तिथे मिचेल, जोलो, जिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. ॲसिटॅनिलाइडप्रमाणे पॅरासिटामॉललाही शरीरात दोन वाटा आहेत. बहुतेक भाग ग्लुकुरॉनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी जोडला जाऊन लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र मायक्रोसोममधल्या विकरांच्या हाती पडतो आणि ती त्याचे ऑक्सिडीकरण करून एक अतिशय क्रियाशील क्विनोन-इमाइन बनवतात. नेहमीच्या मात्रेत हे घडले तरी बिघडत नाही, कारण यकृतात ग्लुटाथायोन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो आणि तो या क्विनोन-इमाइनला ताबडतोब पकडतो. मात्रा फार झाली की पहिल्या वाटा तुंबतात, क्विनोन-इमाइन जास्त बनते, ग्लुटाथायोनचा साठा संपत येतो आणि मग ते विष यकृताच्या प्रथिनांनाच चिकटू लागते. विष बनवणारी ही विकरे म्हणजे ॲक्सेलरॉडने शोधलेलेच कारागीर. निर्विष करणारे हात विषही बनवतात.

सुरुवातीला रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. मळमळ होते, तीही थांबते. यकृताचा बिघाड दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर वेळ हातची गेलेली असते. म्हणूनच गोळ्या जास्त पोटात गेल्या असतील तर त्रास होत नाही म्हणून घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. प्रौढ माणसाने दिवसभरात चार ग्रॅमच्या वर जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. उपाशी माणसाचा आणि नेहमी दारू पिणाऱ्याचा ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असू शकतो, त्यांना एवढीही मात्रा जड जाऊ शकते. सर्दीची एक गोळी, अंगदुखीची दुसरी, तापाची तिसरी अशी तीन वेगळ्या नावांची औषधे घेणारे आपल्या आसपास पुष्कळ असतात आणि तिन्ही वेष्टनांवर बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल असू शकते. नववी-दहावीच्या मुलांना घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगून ही बारीक अक्षरे वाचायला लावावीत. असा तास आम्हाला कोणत्याही प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो.

विषाची वाट कळली म्हणून उताराही सापडला. संपत आलेल्या ग्लुटाथायोनची भरपाई करता आली तर? ग्लुटाथायोन थेट देऊन उपयोग होत नाही, ते यकृताच्या पेशींत नीट शिरत नाही. पण ते बनवण्यासाठी लागणारे सिस्टीन पुरवता येते. ॲसिटिलसिस्टीन हे औषध कफ पातळ करण्यासाठी आधीपासून वापरात होते. एडिंबरोच्या प्रेस्कॉट यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शिरेवाटे देऊन दाखवले. गोळ्या घेतल्यापासून सुमारे आठ तासांच्या आत दिले तर यकृत जवळपास हमखास वाचते. यातही एक ॲसिटिल गट आहे आणि तो शरीरात काढून टाकला जातो, पण या वेळी उरते ते उपयोगी सिस्टीन.

उंदरांवरचे ते निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाले, ते पंचवीस वर्षांपूर्वी ॲसिटॅनिलाइडचा उलगडा ज्या नियतकालिकात छापला गेला होता त्याच नियतकालिकात. लेखकांच्या यादीत शेवटी बर्नार्ड ब्रॉडी हे नाव आहे.